ओपनस्ट्रीटमॅप आणि वस्तीतील व्यायामाच्या जागा: संशोधनासाठी वापरून पाहिल्यानंतर

घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर बाग, मैदान, तालीम किंवा व्यायामशाळा असली तर माणूस जास्त हालचाल करतो का, आणि त्याचा परिणाम त्याच्या वजनावर, साखरेवर, रक्तदाबावर दिसतो का, हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांपुढे बरीच वर्षे आहे. आपल्याकडे तो अधिक तातडीचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मधुमेहावरील ‘इंडिॲब’ पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील १४,२२७ लोकांच्या शारीरिक हालचालीची नोंद झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार त्यांतील ५४.४ टक्के लोक निष्क्रिय गटात मोडत होते, आणि महाराष्ट्रातील ९१.३ टक्के लोक फावल्या वेळात व्यायाम म्हणावा असे काहीही करत नव्हते.

या लोकांच्या घराजवळ व्यायामाला जागा होती की नव्हती, हे त्यांनाच विचारता येते. पण ज्या जागेकडे माणूस कधी फिरकलाच नाही ती त्याला आठवतही नाही, आणि जो रोज मैदानावर जातो तो नेमका ते मैदान जवळ असल्याचे सांगतो. म्हणून अभ्यासक नकाशाकडे वळतात. लॅन्सेट पब्लिक हेल्थ या नियतकालिकात २०१८ साली आलेल्या एका अभ्यासात यूके बायोबँक या ब्रिटनमधील आरोग्य-माहितीच्या मोठ्या संग्रहातील सुमारे चार लाख मध्यमवयीन लोकांच्या घरापासून रस्त्याने एक किलोमीटरच्या आत किती व्यायामसुविधा आहेत हे असेच नकाशाच्या माहितीवरून मोजले होते, आणि जवळ चार किंवा अधिक सुविधा असलेल्यांच्या कंबरेचा घेर एकही सुविधा नसलेल्यांपेक्षा सरासरी १.२२ सेंटिमीटरने कमी आढळला होता. फरक सव्वा सेंटिमीटरचा आहे. कंबर मोजायची टेप ताणली तर गेली नाही ना, हे आम्ही वरचेवर तपासतो. सुविधा मोजणारा नकाशा मात्र बहुतेक वेळा न तपासताच वापरला जातो. हे परीक्षण लिहिण्याचे कारण तेच आहे.

आमचा अभ्यास लहान होता. पश्चिम महाराष्ट्रातील एका शहराचे दोन प्रभाग आम्ही निवडले: एक जुन्या पेठांचा, आणि दुसरा गेल्या पंधरा-वीस वर्षांत शेतजमिनीवर उभ्या राहिलेल्या सोसायट्यांचा आणि त्यांच्या पाठभिंतीला लागून असलेल्या झोपडवस्तीचा. माहितीचे तीन स्रोत हाताशी होते: ओपनस्ट्रीटमॅप हा आंतरजालावरचा खुला नकाशा, एका खाजगी कंपनीकडून विकत घेतलेली व्यवसायांची यादी आणि स्थानिक प्रशासनाची यादी. त्यानंतर आम्ही चार जण जोडीजोडीने प्रत्येक गल्ली चाललो आणि जागेवर जे दिसले ते टिपले. शहराचे आणि कंपनीचे नाव मी देत नाही, कारण जे दोष आढळले ते त्या प्रकारच्या कोणत्याही यादीत निर्माण होऊ शकतात आणि त्यांची कारणे समजून घेणे जास्त उपयोगाचे आहे.

आधी विकत घेतलेल्या यादीविषयी, कारण पैसे मोजल्यावर माहिती खात्रीची असणार असा आमचाही समज होता. अशा याद्या व्यवसायांनी स्वतः केलेल्या नोंदणीतून, जाहिरातींतून आणि दूरध्वनी क्रमांकांवरून तयार होतात. ज्याला गिऱ्हाईक हवे आहे तो नोंद करतो. बागेतल्या साहित्याला फोन नसतो आणि मैदानाला गिऱ्हाईक नको असते, त्यामुळे त्यांची नोंद करण्याची गरज कोणालाच वाटत नाही. सशुल्क जिमच्या बाबतीत यादी बरीच उपयोगी ठरली, मात्र टाळेबंदीच्या काळात बंद पडलेल्या काही जिम तिच्यात अजून चालू होत्या. एका ठिकाणी आम्ही जिना चढून वर गेलो तर तिथे शिवणकामाचा वर्ग चालला होता आणि भिंतीवरचे आरसे तेवढे जिमच्या वेळचे राहिले होते. एकच जिम मालक बदलल्यावर नव्या नावाने पुन्हा नोंदली गेली होती. व्यायामशाळा हा शब्द रोमन लिपीत प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने लिहिलेला असल्यामुळे दुबार नोंदी ओळखणारी संगणकीय पद्धतही तिथे तोकडी पडली.

जागेच्या अचूकतेत याहून गंभीर चूक आढळली. आपले पत्ते ‘मारुतीच्या देवळामागे, पाण्याच्या टाकीजवळ’ असे असतात. ते अक्षांश-रेखांशात बदलणाऱ्या प्रणालीला देऊळ सापडले नाही की ती पिनकोडवर थांबते आणि पिनकोडच्या क्षेत्राचा मध्यबिंदू उत्तर म्हणून देते. आमच्या यादीतील चार-पाच व्यायामशाळा अशाच एका ठिपक्यावर एकावर एक रचलेल्या होत्या. त्या ठिपक्यापाशी गेलो तर समोर उसाचा फड होता. संशोधनाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की फडाजवळच्या दोन वस्त्यांना कागदावर भरपूर सुविधा मिळतात, आणि ज्यांच्या दाराशी खरोखर जिम आहे त्यांच्या खात्यावर शून्य पडते.

प्रशासनाच्या यादीबद्दल थोडक्यात सांगतो. तिच्यात बागा आणि क्रीडांगणे व्यवस्थित होती, परंतु खुल्या व्यायामसाहित्याची नोंद खरेदीची होती, जागेची नव्हती. ‘प्रभागातील मोकळ्या जागेत साहित्य बसविणे’ एवढ्यावरून ते कोठे बसवले हे शोधायला आम्हाला चहाच्या टपऱ्यांवर विचारपूस करावी लागली, आणि तिथे ते बहुधा लगेच कळले.

आता मुख्य विषयाकडे. ओपनस्ट्रीटमॅप हा स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू केलेला, जगभरातील स्वयंसेवकांनी भरलेला खुला नकाशा आहे. पडद्यावर तो इतर नकाशांसारखाच दिसतो, पण संशोधकासाठी त्याची खरी किंमत पडद्यामागच्या माहितीत आहे. त्यातील प्रत्येक वस्तूला ‘टॅग’ म्हणजे गुणधर्माची चिठ्ठी जोडलेली असते. सशुल्क किंवा बंदिस्त जिमसाठी ‘फिटनेस सेंटर’, उघड्यावरच्या साहित्यासाठी ‘फिटनेस स्टेशन’, एका खेळाच्या मैदानासाठी ‘पिच’, क्रीडासंकुलासाठी ‘स्पोर्ट्स सेंटर’ आणि बागेसाठी ‘पार्क’ अशी वेगवेगळी वर्गवारी आहे. शिवाय प्रवेश सर्वांना आहे की फक्त सभासदांना, शुल्क आहे का, वेळा कोणत्या, हे नोंदवण्याची सोयही आहे. ‘व्यायामसुविधा’ या एकाच डब्यात सर्व काही कोंबणाऱ्या यादीपेक्षा ही रचना आरोग्य-संशोधनाला कितीतरी जवळची आहे, कारण महिना हजार-दीड हजार रुपये घेणारी वातानुकूलित जिम आणि बागेच्या कोपऱ्यातले फुकट साहित्य या दोन गोष्टींचा वस्तीवर होणारा परिणाम सारखा असण्याचे कारण नाही.

मात्र चिठ्ठीची सोय असणे वेगळे आणि चिठ्ठी भरलेली असणे वेगळे. ओपनस्ट्रीटमॅपचा मूळ नियम असा आहे की जे कोणी भरले तेच तिथे असते. रिकामी जागा दिसली तर तिथे काही नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. तिथे नोंद करणारे कोणी गेले नसेल, एवढेच म्हणता येते. आमच्या दोन प्रभागांत आमच्या आधी नोंदीसाठी फारसे कोणी फिरलेले नव्हते. रस्ते आणि मोठ्या बागा छान रेखलेल्या होत्या, कारण त्या उपग्रहाच्या छायाचित्रावरून घरबसल्या रेखता येतात. झाडाखालचे व्यायामसाहित्य, इमारतीच्या तळघरातली जिम आणि पत्र्याच्या छपराखालची तालीम वरून दिसत नाही. त्यासाठी पायाने जावे लागते. म्हणजे या नकाशात एखादी सुविधा असण्याची शक्यता ती किती मोठी आहे आणि आकाशातून किती दिसते यावर अवलंबून राहते, ही गोष्ट तो वापरणाऱ्याने आधीच गृहीत धरली पाहिजे.

तालमीचे उदाहरण जरा सविस्तर सांगण्यासारखे आहे. पेठेतल्या एका तालमीची आम्ही नोंद केली. रस्त्यावरून दिसते ते मारुतीचे छोटे देऊळ आणि त्यावर मंडळाची पाटी. देवळाच्या बाजूच्या बोळातून आत गेले की कमरेएवढ्या भिंतीने वेढलेला हौदा, त्यात तेल, ताक आणि हळद घालून उकरलेली लाल माती, कोपऱ्यात करेल व मुद्गल ही फिरवायची जड लाकडे आणि एक दोर. पहाटे पाच वाजता तिथे पोरे जोर-बैठका मारत होती. ही जागा नकाशावर आलीच, तर रस्त्यावरून जाणारा माणूस तिची नोंद प्रार्थनास्थळ म्हणून करणार, आणि त्यात त्याची चूकही नाही. दोन गल्ल्या सोडून दुसरी एक ‘तालीम’ होती. तिच्यात हौदा कधीच बुजवलेला, फरशी घातलेली, आणि आत कॅरम बोर्ड व गणेशोत्सवाच्या कमानीचे सामान. नावावरून शोध घेणाऱ्या प्रणालीने दोन्ही तालमी व्यायामाच्या जागा म्हणून मोजल्या असत्या. कोल्हापुरात तर पाटाकडील तालीम मंडळ आणि दिलबहार तालीम मंडळ ही नावे फुटबॉलच्या संघांची म्हणून घराघरांत माहीत आहेत. ‘तालीम’ हा शब्द आपल्याकडे आखाडा, मंडळ, संघ आणि गल्लीची ओळख असा सगळाच भार वाहतो. बाहेरच्या देशात तयार झालेल्या वर्गवारीला तो झेपणार नाही, तेव्हा तो नीट उलगडून नोंदवण्याचे काम आपणच करायला हवे.

दुसरे उदाहरण खुल्या व्यायामसाहित्याचे. सोसायट्यांच्या प्रभागातील एका बागेत ते नोंदीप्रमाणे होते, जागाही बिनचूक होती. पण एअर वॉकरचे एक पायदान निखळून सुतळीने दांड्याला बांधलेले होते, छाती दाबायच्या यंत्राचा बोल्ट नव्हता आणि सीट-अपच्या बाकावर धुतलेली गोधडी वाळत होती. तिथे आलेल्या एक आजी म्हणाल्या, “बाळा, हे चालू होतं तेव्हा मी रोज यायची. आता नुसती बसायला येते.” नकाशाच्या दृष्टीने ही नोंद शंभर टक्के बरोबर आहे, पण आजींच्या गुडघ्याच्या दृष्टीने तिथे काहीही नाही. असणे आणि वापरता येणे यांतला फरक कोणत्याच नकाशात आपोआप येत नाही. त्यामुळे आम्ही प्रत्येक साहित्य हलवून पाहिले, आणि ते चालू आहे की नाही हा वेगळा रकाना ठेवला.

अशा तपासणीत दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. जागेवर जेवढ्या सुविधा सापडल्या त्यांतील किती यादीत होत्या, हा पहिला. त्याला संवेदनशीलता म्हणतात. यादीत जेवढ्या होत्या त्यांतील किती जागेवर सापडल्या, हा दुसरा. अनेक अहवाल ‘अचूकता’ असा एकच आकडा देतात आणि त्यात हे दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळून जातात. विकत घेतलेली यादी दुसऱ्या प्रश्नात मार खात होती, कारण तिच्यात मेलेल्या नोंदी होत्या. ओपनस्ट्रीटमॅपवर जे होते ते बहुतेक जागेवर सापडले, पण पहिल्या प्रश्नात तो मागे पडला. दोघांचे आजार वेगळे आहेत आणि औषधही वेगळे आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या चुका कोणाच्या वाट्याला येतात याची. चुका सगळीकडे सारख्या विखुरलेल्या असत्या तर त्यांच्यामुळे खरा संबंध बहुधा थोडा फिका दिसला असता, एवढेच. पण त्या सारख्या विखुरलेल्या नसतात. समजा, पेठेत आणि सोसायट्यांत प्रत्यक्षात प्रत्येकी दहा जागा आहेत; यादीत पेठेतल्या चार आणि सोसायट्यांतल्या नऊ आल्या. सोसायट्यांतली माणसे अधिक कमावती आहेत, त्यांचा आहार आणि उपचार अधिक चांगला आहे, म्हणून त्यांची साखर आटोक्यात आहे. आता यादीवर विसंबणाऱ्याला जास्त सुविधा आणि चांगले आरोग्य यांचा सुरेख संबंध दिसेल, आणि तो यादीने तयार केलेला असेल. त्यावरून पेठेत नव्या जिमची गरज आहे असे धोरण निघाले, तर तिथली तालीम आणि तिची पडकी भिंत पुन्हा कोणाच्याच कागदावर येणार नाही. उत्पन्नाचा हिशोब गणितात घेतला तरी ही चूक पुरती धुऊन निघत नाही, कारण ती मोजमापातच शिरलेली असते.

काळाच्या बाबतीत ओपनस्ट्रीटमॅपचा एक गुण मोठा आहे. प्रत्येक नोंद कधी झाली आणि कधी बदलली याचा पूर्ण इतिहास तिथे जपलेला असतो आणि तो कोणालाही पाहता येतो. तरीही इथे एक सापळा आहे, आणि सुरुवातीला आम्ही त्यात पाय ठेवलाच होता. नोंदीची तारीख ही सुविधा सुरू झाल्याची तारीख नसते. एखाद्या वर्षी एका उत्साही गटाने शहर पिंजून काढले की त्या वर्षी व्यायामशाळांची संख्या एकदम वाढलेली दिसते, आणि प्रत्यक्षात त्या तिथे तीस वर्षे असतात. जुन्या पाहणीतील लोकांना आजचा नकाशा जोडणाऱ्यांनी, किंवा नोंदींच्या वाढीवरून वस्ती सुधारली असे म्हणणाऱ्यांनी, हे विशेष जपावे. सुरुवातीचे वर्ष नोंदवण्याचा वेगळा टॅग आहे. तो आम्ही संचालकांना, वस्तादांना किंवा कोनशिलेवरून विचारून-वाचून भरला.

अंतर मोजताना बागेच्या दाराकडे लक्ष द्यावे लागते. बागेचा मध्यबिंदू धरून सरळ रेषेत अंतर काढणे सोपे आहे, पण झोपडवस्तीतल्या ज्या घरांच्या खिडकीतून बाग दिसते त्यांना मधल्या भिंतीमुळे सगळ्या सोसायट्यांना वळसा घालून एकुलत्या एक फाटकापाशी यावे लागते. सरळ रेषेत ही घरे बागेला सर्वांत जवळची ठरतात आणि रस्त्याने सर्वांत लांबची. ओपनस्ट्रीटमॅपवर भिंत आणि फाटक दोन्ही नोंदवता येतात आणि त्यांवरून क्यूजीआयएससारख्या नकाशाच्या मोफत संगणक-प्रणालीत पायी अंतर काढता येते. आम्ही प्रत्येक बागेचे प्रत्येक फाटक टिपले, आणि कोणते फाटक कायम कुलूपबंद असते हेही.

सहभागींच्या गोपनीयतेचा मुद्दाही या नकाशाच्या बाजूने आहे. बऱ्याच सेवांमध्ये अंतर काढण्यासाठी माणसांच्या घराचे पत्ते दुसऱ्याच्या संगणकावर पाठवावे लागतात. इथे अख्खा नकाशा उतरवून घेऊन, आंतरजालाची जोडणी काढून, आपल्याच संगणकावर सगळे गणित करता येते. नैतिकता समितीला हे समजावणे आम्हाला फार सोपे गेले.

परवान्याच्या दोन अटी आधी वाचून घ्याव्यात. या नकाशाच्या माहितीत भर घालून तयार केलेला डेटाबेस प्रसिद्ध केला तर श्रेय देऊन तोही त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो. आणि हक्क राखीव असलेल्या दुसऱ्या नकाशावरून किंवा यादीवरून इथे माहिती उतरवता येत नाही, त्यामुळे विकत घेतलेल्या यादीतली एकही नोंद आम्ही थेट चढवली नाही; जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच चढवले. जागेवर छोटे प्रश्न विचारून नोंदी पूर्ण करून घेणारे स्ट्रीटकम्प्लीट हे मोबाइल ॲप या कामी सोयीचे आहे, पण त्याच्या प्रश्नांत आरोग्य-संशोधनाचे सगळे प्रश्न येत नाहीत. बायकांसाठी वेगळी वेळ आहे का, संध्याकाळी दिवा असतो का, वस्ताद मुलींना शिकवतात का, हे आम्ही स्वतःच्या छापील तक्त्यावर लिहिले.

माझे मत विचाराल तर असे आहे: वस्तीतील व्यायामाच्या जागांवर काम करणाऱ्याने पाया म्हणून ओपनस्ट्रीटमॅपच घ्यावा, आणि निम्मा वेळ त्यातली भर घालण्यासाठी राखून ठेवावा. फक्त सशुल्क जिम मोजायच्या असतील तर विकतची यादी जोडीला घ्यावी, पण प्रत्येक जिमला फोन करून किंवा जाऊन ती चालू असल्याची खात्री करावी. सगळे शहर चालणे शक्य नसेल, तर गरीब, मध्यम आणि सधन अशा वस्त्यांमधून थोडे थोडे भाग निवडून तिथे तपासणी करावी आणि त्रुटी वस्तीच्या प्रकारानुसार वेगवेगळी मांडावी. चालायला वेळ नाही आणि माणसेही नाहीत, अशा स्थितीत निव्वळ उतरवून घेतलेल्या ठिपक्यांवर आरोग्याचे निष्कर्ष काढू नयेत, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

आमच्या नोंदी चढवून झाल्यावर काही आठवड्यांनी मी सहज त्या पेठेचा भाग उघडला. हौदा असलेल्या तालमीच्या नोंदीत कोणी अनोळखी माणसाने सकाळ-संध्याकाळच्या वेळा भरल्या होत्या, आणि आम्ही नावात केलेली एक ऱ्हस्व-दीर्घाची चूकही दुरुस्त केली होती. आमच्या विश्लेषणात मात्र त्या वेळा येणार नाहीत, कारण आम्ही ज्या दिवशी चालणे संपवले त्या दिवशीची प्रत तारीख घालून वेगळी ठेवली आहे आणि अहवालात तीच तारीख छापणार आहोत. पुढच्या फेरीला तक्ता घेऊन निघू तेव्हा पहिली खूण त्या वेळांसमोर करायची आहे.